ग्रीसची बेटं: मे की सप्टेंबर? (शाळेची सुट्टी, गणपती आणि सासूबाईंचे गुडघे धरून सांगा)

चिंगीची_आई
नमस्कार मंडळी. २०२७ ला ग्रीसला जायचं असं घरात एकदाचं ठरलंय, आता कधी जायचं यावरून रोज जेवताना वाद चालू आहे. आम्ही चौघं, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त). नवऱ्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं की भूमध्य समुद्राला सप्टेंबरच बेस्ट, तेव्हापासून तेच धरून बसलाय. पण ४ सप्टेंबरला गणपती बसतायत आणि आमच्याकडे दहा दिवसांचा असतो, वर शाळा. माझं म्हणणं मे, शाळा उघडायच्या आत परत. लेकीला समुद्रात डुंबायचंय, सासूबाईंना निवांत बसून बघायचंय, नवऱ्याला फोटो काढायचेत आणि मला कुणी "आज भाजी काय" विचारू नये, बास. डोक्यात अथेन्स, सँटोरिनी आणि अजून एखाददुसरं बेट आहे. ऊन, पाऊस, वारा, पाण्याचा गारठा, गर्दी, जे माहीत असेल ते सांगा. आम्ही पुण्याचे, उन्हाची सवय आहे पण जरा थंडी वाजली की कानटोपी निघते.

भटकभवानी
मे. डोळे झाकून मे. आम्ही मे च्या सुरुवातीला नॅक्सॉस आणि पारोसला होतो, रस्त्याच्या कडेनं लाल पॉपी, पिवळी रानफुलं, डोंगर हिरवे, आणि तेच डोंगर ऑगस्टच्या फोटोंत बघ, नुसते भाजून तपकिरी झालेले. बीचवर माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फक्त पाणी गार असतं हं. नवऱ्याने गुडघ्यापर्यंत पाय घातले आणि बाहेर येऊन सरळ कॉफी मागवली.

काटकसरे
दिवाळीच्या सुट्टीत का नाही जात? २९ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आहे, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा मोकळा. हॉटेलं अर्ध्या किमतीत मिळतील आणि समुद्र उन्हाळाभर तापून कोमट झालेला असेल.

अथेन्सची_शेजारीण
काटकसरे, अर्ध्या किमतीत हॉटेलं नाही, अर्धी हॉटेलंच नाहीत 😀 मी बरीच वर्षं अथेन्सला आहे. इथे २८ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी, आणि बेटांवरच्या लोकांचा सीझन साधारण तिथेच संपतो. त्या आठवड्यापासून छत्र्या गुंडाळतात, खुर्च्या आत जातात, टॅव्हर्नाचे (खानावळीचे) मालक ऑलिव्ह उतरवायला गावी नाहीतर थकवा काढायला अथेन्सला. फेऱ्या कमी होतात, हायस्पीड बोटी तर बहुतेक बंदच. पाऊस पण तेव्हाच सुरू होतो, रोज नाही पण आला की धो धो येतो. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वापाच-साडेपाचला अंधार. फिरायला आलात आणि चहाच्या वेळेला दिवस संपला, कसं वाटेल?
तरी जायचंच असेल तर जिथे लोक बारा महिने राहतात अशा ठिकाणी जा, क्रीटमधलं हानिया किंवा हेराक्लिओन, रोड्सचं जुनं शहर, सायरॉसचं एर्मूपोली. तिथे दुकानं-खानावळी चालू असतात. अथेन्स स्वतः तर नोव्हेंबरमध्ये छानच, म्युझियमं रिकामी. पण "समुद्रकिनारी सुट्टी" म्हणतात ती ही नाही.

हवामानवेडा
थोडं लांबण लावतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.
आपल्याकडे उन्हाळा आणि पाऊस पाठोपाठ येतात, तिकडे उन्हाळा पूर्ण कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला जास्त दाब उत्तरेला सरकून भूमध्यावर येऊन बसतो आणि वादळं वरच्या वर युरोपाकडे जातात, हिवाळ्यात तो खाली सरकला की दारं उघडी. अथेन्सला वर्षभराचा पाऊस मिळून ४०० मिमीच्या आसपास, मुंबईत जुलैतला एखादा जोराचा आठवडा तेवढा देतो. जून ते ऑगस्ट सायक्लेड्स बेटांवर (नॅक्सॉस, पारोस, सँटोरिनी वगैरे) छत्री नेलीत तर लोक बघत राहतील.
आता गंमत. पूर्व भूमध्यातल्या या कडकडीत कोरड्या उन्हाळ्यामागे आपला मान्सून पण आहे. मान्सूनच्या ढगांतून जी प्रचंड उष्णता सुटते तिच्यामुळे वातावरणात एक मोठी लाट पश्चिमेकडे पसरते आणि तिकडे, म्हणजे ग्रीस-तुर्कीच्या बाजूला, हवा वरून खाली दबते. खाली दबणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोघांनी १९९६ मध्ये हे मॉडेलवर दाखवलं. म्हणजे इकडे आपण भिजत असतो तेव्हा तिकडचं निळंशार आभाळ काही अंशी आपल्या पावसाच्या जिवावर.
मुद्द्याचं असं की हवा आणि पाणी एकत्र तापत नाहीत. सायक्लेड्सला मे च्या उत्तरार्धात दुपारी हवा २३-२५, पण समुद्र अजून १९-२० वरच रेंगाळतोय. ऑगस्टला पाणी २५ च्या आसपास. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर हवा परत मे सारखी झालेली असते पण पाणी अजून २२. तुमच्या यजमानांचा व्हिडिओवाला जे म्हणतो ते यासाठीच. पोहणाऱ्याला सप्टेंबर, चालणाऱ्याला मे. त्यामुळे आधी घरात विचारा की पाण्यात नक्की किती जण उतरणार आहेत, आपल्याकडे बहुतेक कुटुंबांत एक पोर उतरतं आणि बाकीचे चपला सांभाळतात.

चिंगीची_आई
अगदी आमचंच वर्णन केलंत 😂 पण १९-२० म्हणजे नक्की किती गार? टिळक टँकचं डिसेंबरातलं सकाळचं पाणी आठवून अंगावर काटा आला.

हवामानवेडा
साधारण तसलंच धरा. गोव्याला आपण डुंबतो ते पाणी २८-२९ असतं, त्यामुळे पहिल्यांदा श्वास अडकतो. युरोपातली पोरं मात्र त्यात तासन्‌तास असतात. नऊ वर्षांची मुलगी दहा मिनिटांत सरावेल, तुम्ही नाही.

भटकभवानी
चिंगीच्या आई, उथळ जागा शोध. नॅक्सॉस गावाला लागूनच आगिओस गेओर्गिओसचा बीच आहे, बरंच आत चालत गेलं तरी कमरेएवढंच पाणी, दुपारी उन्हाने त्यातल्या त्यात बरं होतं. क्रीटला एलाफोनिसी आणि बालोसची खाडीसारखी उथळ पाणथळ आहे तिथेही तसंच. मुलांसाठी अंग गरम ठेवणारा अर्ध्या बाह्यांचा स्विमसूट (वेटसूट) घे, फरक पडतो.

संत्रा_बर्फी
नागपुरातून हात वर करतो. ३५-३८ ला एवढं घाबरायचं काय? आम्ही ४५ मध्ये लग्नं लावतो. जुलै-ऑगस्टला जा की, पाणी कोमट, रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड, सगळं चालू. उगाच मे मे करताय.

अथेन्सची_शेजारीण
संत्रा दादा, ४५ मध्ये तुम्ही दुपारी एक वाजता सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढून गुळगुळीत संगमरवरावर दोन तास उभे राहता का? 😀 तुम्ही कूलर लावून पडदे ओढून झोपलेले असता. ट्रिपला आलेला माणूस नेमका त्याच वेळी अ‍ॅक्रोपोलिसवर असतो. जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत तर दुपारी अ‍ॅक्रोपोलिस बंदच ठेवायला लागलं, नंतरच्या उन्हाळ्यांतही तसं झालं. लोक तिकीट काढून खाली ताटकळत. अथेन्सच्या काँक्रीटमध्ये रात्र पण थंड होत नाही. बेटांवर वाऱ्यामुळे गरमी कळत नाही, पण म्हणूनच माणूस भाजून निघतो आणि त्याला संध्याकाळी आरशात बघेपर्यंत पत्ता नसतो.
शिवाय वणवे. जुलै २०२३ मध्येच रोड्सवरून साधारण १९,००० लोकांना हलवलं, त्यात पर्यटक भरपूर. सगळीकडे दरवर्षी आग लागते असं नाही पण कोरडं गवत, उकाडा आणि वारा तिन्ही एकत्र येतात ते याच दोन महिन्यांत.

मिलानकर_मिलिंद
सिसिलीत सिराक्यूजजवळ ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ नोंदलंय, युरोपचा अधिकृत उच्चांक. नागपूरकरांनी आता काय ते ठरवावं.

संत्रा_बर्फी
४८.८!! बरं मागे घेतो. हे तर चंद्रपूरच्या तोडीचं झालं.

दर्यावर्दी
उशिरा पोचलो धाग्यावर. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त, अथेन्सच्या पिरेअस बंदराला पुष्कळदा लागायचो, एजियन (ग्रीस-तुर्कस्तानामधला समुद्र) चांगला माहितीचा. तापमानावर सगळे बोलले, वाऱ्यावर कुणी बोललं नाही आणि तिथल्या सुट्टीचं वाटोळं करणारा तोच असतो.
मेलटेमी म्हणतात त्याला. उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टला जोर, जूनमध्ये चाहूल आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर उतरतो. बाल्कनकडे जास्त दाब आणि तुर्कस्तानावर कमी दाब, आणि हा कमी दाब म्हणजे हवामानवेडा म्हणतायत त्या मान्सूनच्याच पट्ट्याचं पश्चिमेकडे गेलेलं शेपूट, मधल्या चिंचोळ्या एजियनमधून हवा सुसाट खाली येते. बोफोर्टच्या मापात (वाऱ्याचा जोर मोजायचं ० ते १२ चं माप) ५-६ तर रोजचेच, ७-८ पण होतो, आणि एकदा लागला की चार-पाच दिवस हलत नाही. आपल्या कोकणातल्या माणसाला वादळ म्हटलं की काळं आभाळ, विजा, पाऊस डोळ्यापुढे येतं. इथे वर एक ढग नसतो. आभाळ इतकं स्वच्छ की वीस मैलांवरचं बेट दिसतंय आणि खाली पाणी पांढरंफेक, डेकवर टोपी टिकत नाही. नवीन पोरं फसायची, म्हणायची काय मस्त हवा आहे.
प्रवाशाला याचा त्रास असा की पहिल्या बंद होतात त्या हायस्पीड कॅटामरान. मोठ्या जुन्या धाटणीच्या फेरी बरंच सहन करतात, पण एका मर्यादेपुढे बंदराचे अधिकारी त्यांनाही सोडत नाहीत. गेटवे-मांडवा बोट आपल्याकडे पावसाळ्यात बंद असते, सगळ्यांना आधीच माहीत असतं, तसं तिथे नाही, सकाळी उठून कळतं की आज बोट नाही. मिकोनोसहून डेलोसला जाणाऱ्या छोट्या बोटींचं तर विचारूच नका. म्हणून नियम एकच, परतीच्या विमानाच्या दिवशी बेटावर असायचं नाही, आदली रात्र अथेन्सला.
मे मध्ये वारा असतो, पण इतका हट्टी नसतो. मला विचाराल तर सूनबाईंनी मे चा दुसरा पंधरवडा धरावा.

चिंगीची_आई
काका, हे सोनं आहे. प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणतो की यात सप्टेंबरच्या विरोधात काहीच नाही 🙄

मिलानकर_मिलिंद
मग त्यांना हे वाचून दाखवा. "भूमध्याला सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट" हे वाक्य कुठला भूमध्य हे न सांगता फेकायचंच नाही. मी इटलीत, आमच्या बाजूला म्हणजे लिगुरिया (इटलीचा वायव्य किनारा), फ्रान्सचा दक्षिण किनारा, स्पेनचा पूर्व किनारा, इथे शरद ऋतू हाच सगळ्यात धोक्याचा. समुद्र उन्हाळाभर तापलेला, त्यावर उत्तरेकडून वरच्या थरात थंड हवा घुसते, आणि किनाऱ्याला लागूनच डोंगर उभे, मग सगळा पाऊस एकाच दरीत रिकामा होतो. २५ ऑक्टोबर २०११ ला चिंक्वे तेर्रेमधली व्हर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलाखाली गेली. २ ऑक्टोबर २०२० ला नीसच्या मागच्या दऱ्यांत पूर, पूल वाहून गेले. २९ ऑक्टोबर २०२४ चं व्हॅलेन्सिया तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. म्हणजे इकडे यायचं तर मे अखेर, जून किंवा फार तर सप्टेंबरचे पहिले पंधरा-वीस दिवस. ऑक्टोबरात अमाल्फी-पोझितानोच्या बोटी चालू असतात म्हणून लोक येतात आणि चांगली हवा मिळाली तर नशीबवान.
ऑगस्टबद्दल तर बोलायलाच नको. १५ ऑगस्टला आमच्याकडे अख्खा देश समुद्रावर जातो, मिलानमध्ये ब्रेडसुद्धा शोधावा लागतो.

हवामानवेडा
मिलिंद यांना अनुमोदन. ग्रीस यातून पूर्ण सुटलेलं नाही हेही नोंदवून ठेवतो. सप्टेंबर २०२० मध्ये इआनोस नावाचं चक्रीवादळासारखं वादळ केफालोनिया, इथाका, झाकिन्थॉसवर आलं. सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला डॅनियल, त्यात पेलिओनच्या डोंगरातल्या झागोराला एका दिवसात ७५० मिमीच्या वर पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ झाला होता, त्यावरून अंदाज करा. आणि हे अशा देशात जिथे गटारं तेवढ्या पावसासाठी बांधलेलीच नाहीत. तेच डॅनियल पुढे लिबियात जाऊन देर्ना शहर बुडवून आलं.
पण तुलना करायची तर एजियनच्या मधल्या आणि दक्षिणेच्या बेटांवर सप्टेंबर बहुतेक वर्षी कोरडाच जातो. म्हणून ग्रीससाठी सप्टेंबर चुकीचा नाही, तुमच्या घरासाठी गैरसोयीचा आहे. गणपती सोडून जाणार का, हा प्रश्न हवामानाचा नाही.

चिंगीची_आई
गणपती सोडून जायचं नाव काढलं तर सासूबाईच घरी थांबतील. मे फायनल. आता मे मधले कुठले दिवस? मला १ मे ला निघायचं होतं, लेकीची परीक्षा एप्रिलमध्येच संपते.

अथेन्सची_शेजारीण
थांब थांब, १ मे नको! २०२७ ला इथला ईस्टर २ मे ला आहे. आपल्या कॅलेंडरवर गुड फ्रायडे २६ मार्चला दिसेल, तो वेगळा, इथलं चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने ईस्टर काढतं म्हणून एवढं अंतर. ईस्टर म्हणजे इथली दिवाळी समज. अख्खं अथेन्स आपापल्या गावी नाहीतर बेटांवर पळतं, फेरीची तिकिटं संपतात, शुक्रवार ते सोमवार बरंच काही बंद, आणि त्या वर्षी त्यात १ मे पण आलाय.
ज्यांना ईस्टरच बघायचाय त्यांनी मात्र जरूर यावं. कॉर्फूला शनिवारी सकाळी लोक बाल्कनीतून पाण्याने भरलेली मोठमोठी मातीची मडकी खाली रस्त्यावर फेकतात, बघण्यासारखं असतं. त्याच्या आधीचे सात आठवडे उपासाचे, तेव्हा प्रत्येक खानावळीत बिनमांसाचे, बिनदुधाचे पदार्थ मिळतात, शाकाहारी लोकांची चंगळ (फक्त कोळंबी-माकूळ उपासाला चालतं, तेवढं विचारून घ्यायचं). पण लहान मूल आणि सासूबाई घेऊन त्या गर्दीत नको.
१० मे नंतर सगळं सुरळीत होतं. इथल्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालू असतात त्यामुळे ग्रीक कुटुंबं बीचवर फक्त शनिवार-रविवारी. मे संपता संपता इंग्लंडच्या शाळांना आठवड्याची सुट्टी लागते, मग क्रीट आणि रोड्सला भाव चढतात. म्हणजे तुझी खिडकी १२ ते २८ मे.

तारकर्लीवाला
काय हो, एवढे लाख खर्चून गार पाण्यात पाय बुडवायचे? मे मध्ये तारकर्लीला या, पाणी कोमट, सुरमई ताजी, आजींना पायऱ्या पण नाहीत.

चिंगीची_आई
दादा, दर डिसेंबरला येतोच की तुमच्याकडे, तुमच्या सोलकढीची शपथ.

दर्यावर्दी
तारकर्लीकर, एक फरक मात्र सांगतो, तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे तिथी बघून समुद्रावर जायचं, ओहोटीला पाणी कुठच्या कुठे. भूमध्यात बहुतेक ठिकाणी वीतभर चढउतार. मुलं सकाळी जिथे बसली तिथेच संध्याकाळी पाणी. खारटपणाही जास्त, त्यामुळे नवशिक्याला तरंगायला सोपं. पण मे मध्ये बऱ्याच बीचवर लाइफगार्ड बसायला लागलेला नसतो, पोरीवर लक्ष ठेवा.

भटकभवानी
सासूबाईंसाठी सँटोरिनीबद्दल बोलू का? ते इया-फिरा या तिथल्या गावांचे पांढरे फोटो आहेत ना, ते सगळं कड्याच्या काठावर आहे आणि सगळीकडे पायऱ्या. "कॅल्डेरा व्ह्यू" (ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवराकडे तोंड असलेलं) हॉटेल म्हणजे खोलीपर्यंत उतरायला पायऱ्या आणि नाश्त्याला चढायला पायऱ्या. जुन्या बंदरावरून वर यायला पाचशेहून जास्त, तिथे केबल कार आहे म्हणून ठीक. राहायला कमारी किंवा पेरिसा घ्या, सपाट, समोर काळ्या वाळूचा बीच, आणि बसने किंवा टॅक्सीने संध्याकाळी वर जाऊन या. इयाच्या सूर्यास्ताला लोक तासभर आधी जागा धरून बसतात, मला तर फोटोत सूर्यापेक्षा डोकीच जास्त आली. क्रूझने येणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला ८,००० ची मर्यादा आहे पण ८,००० म्हणजे पण किती ते बघा, त्या गल्ल्या केवढ्याशा. मे मध्ये त्यातल्या त्यात श्वास घेता येतो. दोन रात्री पुरे, खरं तर एक पण चालेल. नॅक्सॉसला जास्त राहा.

मधुरा_नाशिक
वाचतेय, छान माहिती. आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. उपासाच्या दिवसांत नाही गेलो तर उपाशी राहू का?

खादाडखाऊ
आला माझा विषय. अजिबात नाही राहणार. सँटोरिनीचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, माझ्या आईने भात मागितला होता त्याच्याबरोबर. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल. ब्रियाम म्हणजे वांगी-बटाटे-झुकिनी ओव्हनमध्ये. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, द्राक्षाच्या पानातले डोल्मादेस (यात कधी कधी खिमा असतो, विचारा), पालकाचा पाय (इंग्रजीतला pie), होर्ता म्हणजे उकडलेला रानपाला लिंबू पिळून. मे मध्ये पालेभाज्या अजून कोवळ्या असतात, ऑगस्टला त्यांची जागा टोमॅटो-वांगी घेतात. सँटोरिनीचे बारके टोमॅटो खायचे तर मात्र उन्हाळ्यातच जायला हवं, मे ला ते नुकते येत असतात. लोणच्याची बाटली न्या, बाकी काही नको.

काटकसरे
माझा दिवाळीचा प्लॅन सगळ्यांनी मोडीत काढला, पण मला खरंच तेव्हाच सुट्टी आहे हो. मग समुद्र विसरायचा?

हवामानवेडा
विसरू नका, पूर्वेला सरका. जितकं पूर्वेला आणि दक्षिणेला तितकं पाणी उशिरा गार होतं. सायप्रसला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही समुद्र २२-२३ असतो, तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या किनाऱ्याला थोडा कमी पण बरा, आणि सायप्रस-अंताल्याकडे हॉटेलं लगेच बंद होत नाहीत. पावसाचा एखादा दिवस धरून चालायचा, बाकी दुपार उबदार, संध्याकाळी स्वेटर. व्हिसाचे नियम दोन्हीकडे ग्रीसपेक्षा वेगळे, ते आधी बघा.

अथेन्सची_शेजारीण
चिंगीच्या आई, व्हिसावरून आठवलं, शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, मे ला जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच अपॉइंटमेंटच्या मागे लाग. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची अख्खी मे ची सुट्टी रांगेत असते. आणि एक, एप्रिल-मे मध्ये कधी कधी आफ्रिकेतून धुळीचा लोट येतो. एप्रिल २०२४ मध्ये अथेन्स अक्षरशः नारिंगी झालं होतं. एक-दोन दिवसात निवळतं, पण सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि पंप बॅगेत वरती ठेव.

चिंगीची_आई
दमा नाही, फक्त गुडघे आणि मतं 😄
तर मंडळी असं जमवलंय, सांगा बरोबर आहे का. १४ मे ला अथेन्स, तिथून पिरेअसहून मोठ्या फेरीने नॅक्सॉस (साडेपाच तास चालतील, काकांनी सांगितल्याप्रमाणे हायस्पीड घेतली नाही), मग सँटोरिनीला कमारीत दोन रात्री, मग बोटीने क्रीट, हानियात मुक्काम, तिथून विमानाने अथेन्स आणि एक रात्र राहून २८ ला घरी. सामारियाची घळ १६ किलोमीटर आहे म्हणे, ती नवऱ्याला एकट्याला पाठवते, तो सप्टेंबरचा राग तिथे काढेल.

दर्यावर्दी
छान बसवलंत. सँटोरिनी ते हेराक्लिओन मात्र बहुतेक हायस्पीडच असते, तो एक टप्पा वाऱ्यावर अवलंबून. म्हणून क्रीटमध्ये पहिल्याच दिवशी काही पैसे भरून ठेवू नका. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही.

भटकभवानी
सामारिया साधारण १ मे ला उघडते, पण पाऊस किंवा दरडीची भीती असली की एखाद्या दिवशी बंद ठेवतात, आदल्या दिवशी विचारून जाऊ दे. आणि सगळ्यांना एकेक जाड जॅकेट नाही पण विंडचीटर हवाच, रात्री १६-१७ ला वारा सुटला की पुणेकर कानटोपी शोधणार. उन्हाची टोपी गळ्याला बांधायची दोरी असलेलीच घ्या.

लगीनघाई
धागा वाचून घाबरलो. आमचं लग्न जुलैत आहे, रजा फक्त ऑगस्टचे पहिले तीन आठवडे, तिकिटं तिने भावनेच्या भरात काढून टाकलीत, अथेन्सला येऊन-जाऊन. आता काय करू? मिकोनोस ठरलं होतं.

दर्यावर्दी
घाबरू नका, बाजू बदला. मेलटेमी एजियनचा, ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात त्याची झळ फारशी नाही. कॉर्फू, लेफकादा, केफालोनिया, झाकिन्थॉस. दुपारी वायव्येचा वारा येतो पण संध्याकाळी पडतो. पाणी ऑगस्टला २६ च्या आसपास, आणि हिवाळ्यात पाऊस भरपूर म्हणून बेटं हिरवीगार, कॉर्फूला वर्षाला हजार मिमीच्या वर पडतो. पांढरी-निळी घरं नाही मिळणार, सुरूसारखी सायप्रेस आणि ऑलिव्हची झाडं मिळतील.

अथेन्सची_शेजारीण
आणि १५ ऑगस्ट टाळा, म्हणजे त्या आठवड्यात एका जागी बसून राहा. इथला मोठा सण आहे, तिनोसला तर यात्रा भरते, बोटी फुल्ल, वर इटलीहून गाड्या भरभरून आलेल्या असतात. केफालोनिया-झाकिन्थॉसच्या फेरी किलिनी बंदरातून सुटतात, अथेन्सहून बस थेट तिथे जाते, तिकीट आत्ताच बघा. झाकिन्थॉसला लागानासच्या खाडीत कासवं अंडी घालतात आणि ऑगस्टमध्ये पिल्लं निघतात, त्यामुळे काही बीच संध्याकाळी बंद असतात, तेही बघून हॉटेल घ्या.

लगीनघाई
मिकोनोस रद्द, केफालोनिया बुक करतोय. होणाऱ्या बायकोला अजून सांगायचंय.